मोतीबिंदू: कोणती शस्त्रक्रिया, कोणती लेन्स आणि नंतरचे सहा आठवडे

पाटीपेन्सिल

इथे दर महिन्याला कुणीतरी विचारतं: "आईला मोतीबिंदू आहे, कोणती लेन्स टाकू?" उत्तरं येतात ती "अमुक कंपनीची टाका, भारी आहे" छापाची. डोळ्याचं मोजमाप, तपासण्या, नंतरचे थेंब यांवर कुणी बोलतच नाही. ज्यांना या कामाची नीट माहिती आहे त्यांनी इथे लिहावं. ओळखीच्यांचे किस्से नकोत, नेमकी माहिती हवी.

सुरुवातीचे तीन प्रश्न माझे. मोतीबिंदू "पिकेपर्यंत" थांबायचं का? फेको आणि बिनटाक्याचं एकच का? "लेसरने करतात" म्हणजे नक्की काय करतात?

बिनटाक्याचा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट 'नाही'. पिकण्याची वाट पाहण्याचा सल्ला जुन्या पद्धतीच्या काळातला आहे. तेव्हा १०-१२ मिलिमीटरचा छेद घेऊन आतला गाभा अख्खा बाहेर काढत आणि टाके घालत. आज उलट आहे. गाभा जितका कडक आणि तपकिरी, तितकी फोडायला अल्ट्रासाउंडची शक्ती जास्त लागते आणि बुबुळाच्या पारदर्शक भागामागच्या नाजूक पेशी तितक्या मरतात. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फार पिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा झिरपतो, डोळ्याचा दाब एकदम चढतो, आणि मग लाल, ठणकणारा डोळा घेऊन रात्री दवाखाना गाठायची वेळ येते.

मग करायचं कधी? तक्ता वाचून काढलेल्या नुसत्या ६/१२ किंवा ६/१८ या दृष्टीच्या आकड्यावर ठरत नाही. समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, सुईत दोरा जात नाही, जिन्याची शेवटची पायरी चुकते, चष्मा बदलूनही फरक पडत नाही, असं झालं की वेळ आली समजा. मागच्या बाजूचा मोतीबिंदू (रिपोर्टवर 'पीएससी' लिहितात) लहान असूनही फार त्रास देतो, कारण तो नेमका प्रकाशाच्या वाटेत बसतो. भर उन्हात बाहुली आक्रसते आणि दिसणं आणखी कमी होतं.

गाभ्याच्या मोतीबिंदूत एक फसवी अवस्था येते. डोळ्याला उणे नंबर चढतो आणि सत्तरीच्या माणसाला बिनचष्म्याचं वर्तमानपत्र वाचता येऊ लागतं. घरचे खूश होतात, "नजर परत आली!" नजर परत आलेली नसते, लांबचं गेलेलं असतं.

थेंब घालून मोतीबिंदू विरघळत नाही. कुठल्याच पॅथीच्या थेंबांनी नाही. मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस यांनी बुबुळावर जखम मात्र होऊ शकते.

दुसरा प्रश्न. "बिनटाक्याचं" हा शब्द लोक दोन वेगळ्या शस्त्रक्रियांसाठी वापरतात, तिथे सगळा घोळ होतो.

फेकोत छेद २.२ ते २.८ मिलिमीटरचा. मोतीबिंदूच्या पिशवीच्या पुढच्या बाजूला साधारण ५ ते ५.५ मिलिमीटरची गोल खिडकी करतात, पाणी सोडून गाभा सैल करतात, अल्ट्रासाउंडच्या सुईने फोडून ओढून घेतात आणि घडी घातलेली लेन्स त्याच छेदातून पिशवीत सोडतात. ती आत गेल्यावर उलगडते. सगळं जमून आलं तर १० ते २० मिनिटं. ही पद्धत अमेरिकन नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली. दंतवैद्याच्या अल्ट्रासाउंड उपकरणावरून त्यांना ती सुचली.

दुसरी एसआयसीएस, छोट्या छेदाची हाताने केलेली शस्त्रक्रिया. यात पांढऱ्या भागात ६-७ मिलिमीटरचा तिरका बोगदा करून गाभा अख्खा काढतात. बोगदा आतल्या दाबाने आपोआप मिटतो, म्हणून यालाही टाका लागत नाही. जिल्हा रुग्णालयं आणि शिबिरांत ही भरपूर होते. हिला कमी दर्जाची समजू नका. दगडासारखा कडक, काळपट मोतीबिंदू असेल तर चांगल्या हाताची एसआयसीएस ही अवघडलेल्या फेकोपेक्षा बरी. तोटा इतकाच की छेद मोठा म्हणून तिरका नंबर (सिलिंडर) थोडा जास्त राहू शकतो आणि डोळा स्थिरावायला दोनेक आठवडे जास्त लागतात.

तिसरा प्रश्न. मोतीबिंदू लेसरने "जाळत" नाहीत. फेम्टोसेकंद लेसर छेद देतो, पिशवीची गोल खिडकी कापतो आणि गाभ्याचे आधी तुकडे पाडून ठेवतो. पुढचं काम फेकोच्याच सुईचं. खिडकी अगदी रेखीव येते हे खरं, पण मोठ्या तुलनात्मक अभ्यासांत अंतिम दृष्टी साध्या फेकोपेक्षा सरस निघालेली नाही. जास्तीचे पैसे त्यात घालायचे की चांगल्या मोजमापात, असं मला विचाराल तर मी मोजमाप म्हणेन.

घडीचा_चष्मा

मोजमाप मोजमाप म्हणता, पण ते आहे काय? बिलात "बायोमेट्री" एवढंच असतं.

अक्षमाप

हे माझ्या रोजच्या कामातलं, सविस्तर लिहितो.

आत बसवायच्या लेन्सचा नंबर दोन मापांवर ठरतो: डोळ्याची पुढून मागे लांबी आणि बुबुळाचा, म्हणजे पुढच्या पारदर्शक भागाचा, बाक. सरासरी डोळा २३.५ मिलिमीटरच्या आसपास आणि बाक ४३-४४ डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक). अशा डोळ्याला साधारण २० ते २२ नंबरची लेन्स लागते. लांबी मोजताना १ मिलिमीटर चूक झाली तर शस्त्रक्रियेनंतर चष्म्याचा नंबर अडीचच्या आसपास चुकतो. म्हणजे पाव मिलिमीटरची चूकही अर्ध्या नंबराहून जास्त भोवते.

लांबी दोन प्रकारे मोजतात. जुन्या ए-स्कॅनमध्ये सोनोग्राफीची पेन्सिल डोळ्याला टेकवतात. हात जरा जड पडला की बुबुळ दबतं, डोळा आहे त्यापेक्षा आखूड मोजला जातो, लेन्स जास्त नंबरची निघते आणि पेशंटला उणे नंबर राहतो. प्रकाशाने मोजणाऱ्या ऑप्टिकल यंत्रात डोळ्याला स्पर्शच नसतो, त्यामुळे ही चूक टळते. मात्र पांढराधोप मोतीबिंदू असेल तर प्रकाश आरपार जात नाही आणि ए-स्कॅनच करावा लागतो. तेव्हा पेन्सिल न टेकवता पाण्याच्या कपातून मोजणं अधिक अचूक.

मापं कुठे चुकतात ते लिहून ठेवा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स किमान आठवडाभर आणि कडक लेन्स दोन-तीन आठवडे आधी बंद. लेन्सने बुबुळाचा आकार बदललेला असतो.

डोळे कोरडे असतील तर बाकाचं माप दर वेळी वेगळं येतं. आधी दोन ते चार आठवडे कोरडेपणावर उपचार, मग माप. मोजणीच्या आधी त्याच दिवशी भूल किंवा बाहुली मोठी करणारे थेंब नकोत.

चष्मा घालवण्यासाठी पूर्वी लेसर झालेलं असेल तर ते सांगाच. हे पेशंट विसरतात, कारण वीस वर्षं झालेली असतात. उणे नंबरच्या लेसरनंतर नेहमीचं सूत्र लेन्स कमी ताकदीची देतं आणि डोळा प्लस नंबरमध्ये जातो, मग जवळचंही नाही आणि लांबचंही धड नाही. त्यासाठी वेगळी सूत्रं आहेत. जुने कागद असतील तर आणा, नसले तरी निदान सांगा.

दोन्ही डोळ्यांची लांबी मोजायची, एकाचीच शस्त्रक्रिया असली तरी. दोघांत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर माप पुन्हा घ्यायचं किंवा कारण शोधायचं.

इतकं करूनही १० पैकी ७-८ डोळे अर्ध्या नंबराच्या आत बसतात, सगळे नाही. "झीरो नंबरची गॅरंटी" देणाऱ्यापासून लांब राहा.

घडीचा_चष्मा

हे पहिल्यांदाच कुणीतरी समजावलं. आता लेन्सचं बोला. पॅकेजच्या यादीत साधी, एस्फेरिक, टॉरिक, मल्टिफोकल, ईडॉफ, देशी, परदेशी असं सगळं एकाखाली एक आणि प्रत्येक ओळीला भाव चढत जातो. वरची ती चांगली असंच वाटतं.

बिनटाक्याचा

ती यादी भावाच्या क्रमाने लावलेली असते, दर्जाच्या नव्हे. माणूस दिवसभर काय करतो यावरून लेन्स ठरते.

मोनोफोकल म्हणजे एका अंतरावर स्पष्ट. बहुतेकांना लांबचं स्पष्ट देतात, वाचायला साधारण +२.५ चा चष्मा लागतो. प्रकाश वाटला जात नाही, त्यामुळे प्रतिमा सर्वांत खणखणीत. काचबिंदू, मधुमेहाने बिघडलेला मागचा पडदा किंवा उतारवयातला मॅक्युलाचा (मागच्या पडद्याच्या मध्यभागाचा) आजार असेल तर बहुधा हीच.

टॉरिक ही तिरका नंबर घालवणारी. बुबुळाचा तिरका नंबर १ डायॉप्टर किंवा जास्त असेल तर विचार करावा. चष्म्यातला तिरका नंबर पाहून ठरवू नका, त्यातला काही मोतीबिंदूचाच असतो आणि तो निघून जातो. टॉरिक बसवताना कोन महत्त्वाचा. लेन्स १ अंश फिरली की सुमारे ३.३ टक्के परिणाम कमी होतो, ३० अंश फिरली तर फायदा शून्य. म्हणून पेशंटला बसवून खुणा करतात. आडवं झाल्यावर डोळा थोडा फिरतो.

मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल लेन्स लांब, संगणकाचं अंतर (६०-८० सेंमी) आणि वाचन (४० सेंमी) तिन्ही देते. किंमत दोन प्रकारे मोजावी लागते: पैशात आणि प्रकाशात. प्रकाश वाटला गेल्यामुळे मंद उजेडात ठळकपणा कमी, रात्री दिव्यांभोवती वलयं. बहुतेकांची सवय काही महिन्यांत होते, काहींची होत नाही. रात्री ट्रक किंवा टॅक्सी चालवणारा, हिऱ्याला पैलू पाडणारा, फार चिकित्सक स्वभावाचा माणूस, यांना मी देत नाही. चष्म्याचा मनापासून कंटाळा असलेला आणि डोळा बाकी निरोगी असलेला पेशंट खूश असतो.

ईडॉफ म्हणजे लांब ते संगणक एवढा पट्टा सलग. वलयं कमी, बारीक अक्षराला चष्मा लागतोच.

आणखी एक मार्ग यादीत नसतो कारण त्यात जास्तीचे पैसे नाहीत. दोन्ही डोळ्यांत साधी मोनोफोकलच, पण प्रबळ डोळा लांबसाठी आणि दुसरा मुद्दाम –१.२५ च्या आसपास ठेवायचा. मोबाइल, ताटातलं, भाजीचा भाव चष्म्याशिवाय चालतं. आधी कॉन्टॅक्ट लेन्सने तसं करून बघता येतं, जमलं तर घ्यायचं.

आणि ज्यांनी जन्मभर –५ चा चष्मा लावून तो काढून वाचलं आहे, त्यांना विचारल्याशिवाय "लांबचं स्पष्ट" देऊ नये. पोथी हातात धरून चष्मा काढायची पन्नास वर्षांची सवय असते. त्यांना –२.५ ठेवलेलं आवडतं. हे डॉक्टरला आधी सांगायचं असतं, नंतर लेन्स बदलणं सोपं नाही.

पाटीपेन्सिल

देशी-परदेशीचं?

अक्षमाप

लेन्सचा पदार्थ आणि कडा बघा, पासपोर्ट नको. पहिली लेन्स ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात बसवली, अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकची. लढाऊ विमानाच्या फुटलेल्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात गेले तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्याच कडक प्लास्टिकची (पीएमएमए) लेन्स अजून एसआयसीएसमध्ये वापरतात आणि ती आयुष्यभर टिकते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी निगडित ऑरोलॅब १९९२ मध्ये निघाली आणि लेन्सची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तेव्हा "देशी म्हणजे हलकी" हे डोक्यातून काढा.

घडीच्या लेन्समध्ये हायड्रोफोबिक (पाणी न धरणारी) आणि हायड्रोफिलिक (पाणी धरणारी) असे दोन प्रकार. हायड्रोफोबिकवर आणि चौकोनी कडेच्या लेन्समागच्या पिशवीवर पुढे जाळी येण्याचं प्रमाण कमी. हायड्रोफिलिकमध्ये क्वचित वर्षांनंतर क्षार साठून ती धूसर होते. एवढा फरक विचारून घ्या.

शस्त्रक्रियेनंतर लेन्सच्या खोक्यावरचं स्टिकर तुमच्या कागदावर चिकटवलेलं असलंच पाहिजे: मॉडेल, नंबर, अनुक्रमांक. फोटो काढून ठेवा. पैसे एका लेन्सचे आणि आत दुसरी, या शंकेचं उत्तर त्या स्टिकरवर असतं.

उसाचाफड

तालुक्याच्या ठिकाणी शिबिरातून नेतात. तिथे आधी कोणत्या तपासण्या झाल्या पाहिजेत? आणि मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर?

बिनटाक्याचा

शिबिर असो की पंचतारांकित, इतकं झालंच पाहिजे: दृष्टी, डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करून मागच्या पडद्याची तपासणी (पांढरा मोतीबिंदू असेल तर सोनोग्राफी), बायोमेट्री, रक्तदाब, साखर. आणि अश्रुपिशवी. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्याशी दाबून पू येतो का बघतात किंवा नळीत पाणी सोडून पाहतात. पिशवीत पू असताना मोतीबिंदू केला तर तो पू थेट डोळ्यात. आधी पिशवीचा इलाज, मग मोतीबिंदू. पापण्यांच्या कडांना खपली धरत असेल तर तीही आधी साफ.

मधुमेहात साखर आटोक्यात हवीच, पण एका दिवसात धाडकन उतरवायची नाही. शिवाय मागच्या पडद्याला सूज असेल तर तिचा उपचार आधी किंवा बरोबरीने. ओसीटी (मागच्या पडद्याचा स्कॅन) काढून घ्या. नाहीतर मोतीबिंदू निघतो आणि दिसत मात्र नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करू नका. नुसत्या थेंबांच्या भुलेत होणाऱ्या फेकोला त्या सहसा चालू ठेवतात. डोळ्याशेजारी इंजेक्शन द्यायचं असेल आणि वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याची तपासणी) बघतात. गोळी बंद केल्याने हृदयाला जो धोका होतो तो डोळ्यातल्या रक्तस्रावापेक्षा मोठा असू शकतो.

एक गोळी मात्र हमखास सांगायची राहते, कारण डोळ्याशी संबंध असेल असं कुणाला वाटतच नाही. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन. तिच्यामुळे शस्त्रक्रियेत बुबुळाचा रंगीत पडदा पाण्यातल्या फडक्यासारखा लुळा पडतो आणि बाहुली मध्येच बारीक होते. गोळी आठवडाभर बंद ठेवून फारसा उपयोग नाही. सर्जनला माहीत असलं म्हणजे तो बाहुली उघडी ठेवणारे हूक, रिंगा, औषध तयार ठेवतो.

घडीचा_चष्मा

"पडदा" हा शब्द इथे वेगवेगळ्या अर्थांनी आलाय.

बिनटाक्याचा

मान्य! दवाखान्यातही रोज हाच गोंधळ. "पडदा खराब आहे" म्हणजे बहुतेक वेळा मागचं दृष्टिपटल, तिथे प्रतिमा उमटते. "पडद्यावर जाळी आली" म्हणजे लेन्समागची पातळ पिशवी, ती ४ मायक्रॉनच्या आसपास असते. पहिलं गंभीर असू शकतं, दुसरं दहा मिनिटांचं काम. डॉक्टर "पडदा" म्हणाले की "कोणता?" असं विचाराच.

त्याच पिशवीबद्दल. शस्त्रक्रियेत ती फाटली तर आतला जेलीसारखा द्रव पुढे येतो. तो साफ करून, पिशवीचा आधार उरला असेल त्याप्रमाणे तीन तुकड्यांची लेन्स पिशवीच्या पुढे ठेवतात आणि नंबर अर्धा ते एक कमी करतात. एका तुकड्याची नेहमीची लेन्स तिथे चालत नाही, घासून दाह होतो. टॉरिक-मल्टिफोकल ठरली असेल तर त्या दिवशी ती बहुधा बसवता येत नाही. अशा वेळी "तुम्ही पैसे घेतले आणि दुसरी टाकली" म्हणून भांडण होतं. सहीच्या कागदावर हे लिहिलेलं असतं, आधी वाचा.

औषधपेटी

थेंबांबद्दल मी लिहिते. वॉर्डातून घरी जाताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

नेहमीची योजना साधारण अशी असते: प्रतिजैविक मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ०.५ टक्के दिवसातून चार वेळा, आठवडा-दोन आठवडे. स्टिरॉइड प्रेडनिसोलोन १ टक्के सहा वेळांपासून सुरू करून दर आठवड्याला एक वेळ कमी. सूज कमी करणारा नेपाफेनॅक ०.१ टक्के तीन वेळा, चारेक आठवडे. तुमच्या कागदावर वेगळं असेल तर कागदच खरा.

प्रेडनिसोलोन तळाशी बसतं. बाटली चांगली हलवली नाही तर नुसतं पाणी पडतं आणि औषध तळाला. एका वेळी एकच थेंब, डोळ्याच्या खोबणीत त्याहून जास्त मावतच नाही. दुसऱ्या औषधाला पाच मिनिटं थांबा, मलम असेल तर सगळ्यात शेवटी. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने हलका दाबा, एक-दोन मिनिटं. तिथून औषध नाकात आणि घशात उतरतं, तोंड कडू होतं ते त्यामुळे. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. हात थरथरत असतील तर आडवं होऊन खालच्या पापणीच्या खिशात टाका.

सहा आठवड्यांचा हिशेब: ६, ५, ४, ३, २, १ वेळा, प्रत्येकी सात दिवस, म्हणजे १४७ थेंब. पाच मिलिलिटरच्या बाटलीत सांडलवंड धरून शंभर-सव्वाशे निघतात. शिवाय उघडलेली बाटली महिन्याने टाकायची. म्हणजे दुसरी बाटली लागणारच. "बाटली संपली म्हणून बंद केलं" आणि डोळा पुन्हा लाल, हे फार वेळा होतं. उलट टोकाची चूकही आहे: बरं वाटतं म्हणून स्टिरॉइड महिनोन् महिने चालू ठेवणं. काहींच्या डोळ्याचा दाब त्याने दोन ते सहा आठवड्यांत चढतो, दुखत काही नाही, आणि काचबिंदू होतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या तपासणीत दाब बघून घ्या.

उसाचाफड

पाणी कधी लागलं तर चालतं? आणि शेतावर कधी?

औषधपेटी

अंघोळ दुसऱ्या दिवसापासून मानेखाली. तोंड ओल्या स्वच्छ कापडाने पुसायचं. डोक्यावरून पाणी आठ-दहा दिवसांनी, तेही मान मागे करून दुसऱ्या कुणी घालावं. रात्री प्लास्टिकची जाळीदार झाकणी किमान आठवडाभर, झोपेत हात जातो म्हणून. काजळ, सुरमा महिनाभर नाही.

टीव्ही, मोबाइल, वाचन पहिल्या दिवसापासून चालतं, डोळा "थकून" बिघडत नाही. फरशीवर डोकं टेकवून नमस्कार, पाण्याची कळशी उचलणं, जोर लावून शौच हे दोन आठवडे टाळा. बद्धकोष्ठ असेल तर आधीच औषध मागा.

शेतात जायचं ते फेको असेल तर चार आठवड्यांनी, एसआयसीएस असेल तर सहा. ऊसतोड, मळणी, कडबा कापणं हे सगळ्यात वाईट, पाचटाचा काप आणि धूळ दोन्ही थेट डोळ्यात. चुलीचा धूर पहिले दोन आठवडे नको. गणपती विसर्जनाच्या गुलालात किंवा रंगपंचमीत महिनाभर फिरकायचं नाही. सणाच्या तारखा बघून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला तर सगळ्यांनाच सोपं. दुचाकीवर मागे बसतानाही गॉगल.

पाटीपेन्सिल

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर धुरकट दिसलं तर?

बिनटाक्याचा

मोतीबिंदू कडक असेल तर बुबुळाला सूज असते, आठवडा-दोन आठवड्यांत उतरते. वाळू गेल्यासारखं टोचणं, थोडी लाली, पाणी येणं, हे चालायचंच. इंजेक्शनची भूल असेल तर काही तास दोन-दोन दिसतं किंवा पापणी उघडत नाही. निळा रंग एकदम उजळ दिसतो, कारण इतकी वर्षं पिवळ्या काचेतून बघत होता. एकच डोळा झाला असेल तर आळीपाळीने मिटून बघा, पांढरा सदरा दुसऱ्या डोळ्याला चहा सांडल्यासारखा दिसेल. काहींना कानाकडच्या कडेला काळी कोर दिसते, ती बहुतेकांत हळूहळू जाणवेनाशी होते.

आता घाबरायचं कशाला, ते.

दुखणं वाढत जाणं, आधी सुधारलेली दृष्टी कमी होणं, लाली वाढणं, पापणी सुजणं, पू. यांतलं काहीही झालं, विशेषतः दुसऱ्या ते सातव्या दिवसात, तर सकाळची वाट बघायची नाही. डोळ्याच्या आतल्या जंतुसंसर्गात तास मोजतात. डोळ्याच्या आत प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यावं लागतं, थेंबांनी भागत नाही. प्रमाण फार कमी आहे. शस्त्रक्रियेआधी ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात तीन मिनिटं ठेवणं आणि शेवटी आत प्रतिजैविक सोडणं याने ते आणखी खाली आलंय. पण झालं तर डोळा जातो.

पहिल्याच संध्याकाळी कपाळ ठणकून उलटी झाली तर दाब चढलेला असू शकतो. दवाखान्यात फोन करा, पित्ताची गोळी घेऊन झोपू नका.

चमका दिसणं, अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, बाजूने सरकत येणारी सावली: दृष्टिपटल सुटतंय. हे महिन्यांनी किंवा वर्षांनीही होऊ शकतं. जास्त उणे नंबरवाल्यांनी कायम लक्षात ठेवावं.

आणि चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, सगळं छान असताना, मधोमध धूसर होऊ लागलं तर मॅक्युलाला सूज. मधुमेहींत जास्त. ओसीटीत दिसते, थेंबांनी बहुतेकांची उतरते. म्हणूनच नेपाफेनॅक "डोळा तर बरा आहे" म्हणून मध्येच सोडायचं नाही.

घडीचा_चष्मा

चष्मा कधी? आणि मधल्या काळात जुन्याचं काय करायचं?

अक्षमाप

फेकोनंतर चार ते सहा आठवड्यांनी, एसआयसीएसनंतर सहा ते आठ. त्याआधी काढलेला नंबर बदलतो आणि काच वाया जाते. मधल्या काळात जुन्या चष्म्यातली त्या डोळ्याची काच काढून टाका किंवा साधी बसवून घ्या. वाचायला तयार +२.५ चा स्वस्त चष्मा पुरतो.

अडचण येते ती मोठ्या नंबरवाल्यांना. दोन्ही डोळे –८ होते, एक झाला आणि शून्यावर आला. आता चष्म्याने दोन्ही डोळे जुळत नाहीत. ३ नंबरपेक्षा जास्त फरक झाला की दोन प्रतिमा लहानमोठ्या दिसतात, गरगरतं. अशांनी दुसरा डोळा दोन-तीन आठवड्यांत करून घ्यावा किंवा तोवर त्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स वापरावी. दोन्हींत थोडं अंतर ठेवण्याचा फायदाही आहे: पहिल्या डोळ्याचा निकाल अपेक्षेपेक्षा पाऊण नंबर हुकला असेल तर दुसऱ्याची लेन्स निवडताना ती चूक सुधारता येते.

विमापत्र

पैशांचं थोडक्यात. मोतीबिंदू 'डे केअर'मध्ये येतो, २४ तास भरती व्हायची अट नसते. बऱ्याच पॉलिसींत पहिली दोन वर्षं तो वगळलेला असतो आणि प्रत्येक डोळ्याला कमाल रक्कम ठरलेली असते. 'आरोग्य संजीवनी' या पॉलिसीत ती विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांतली जी कमी ती. एक लाखाची पॉलिसी असेल तर २५,००० च. टॉरिक किंवा मल्टिफोकलचा वरचा खर्च अनेकदा खिशातून. दोन डोळे दोन पॉलिसी-वर्षांत पडत असतील तर मर्यादा कशी मोजतात ते आधी लेखी विचारा. दाव्याला लेन्सचं स्टिकर आणि लेन्सचं वेगळं बिल लागतं.

सरकारी जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय कार्यक्रमाखाली लेन्ससकट मोफत होतं, हे विसरू नका.

पाटीपेन्सिल

शेवटचा प्रश्न. "मोतीबिंदू परत आला" म्हणतात ते?

बिनटाक्याचा

मोतीबिंदू परत येत नाही. लेन्समागच्या पिशवीवर उरलेल्या पेशी वाढून जाळी धरते, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी. याग लेसरने त्या पिशवीला मधोमध ३-४ मिलिमीटरचं भोक पाडतात. बाहुली मोठी करून, बसल्या जागी, काही मिनिटांत. चिरफाड नाही, पट्टी नाही, सहसा पुन्हा करावं लागत नाही. दोन-चार दिवस ठिपके तरंगतात. तासाभराने दाब तपासून घ्यायचा आणि पुढे चमका-सावलीवर लक्ष ठेवायचं.

फक्त एक सावधगिरी. मल्टिफोकल टाकल्यावर "नीट दिसत नाही" अशी तक्रार असेल तर लगेच याग करून घेऊ नका. आधी कोरडेपणा, उरलेला नंबर, मॅक्युला बघून घ्या. पिशवीला भोक पडल्यावर लेन्स बदलायची वेळ आली तर ते काम फार जोखमीचं होतं.

अक्षमाप

त्यात भर: तक्रार घेऊन येताना स्टिकरचा फोटो आणि शस्त्रक्रियेआधीचा बायोमेट्रीचा कागद बरोबर आणा. अपेक्षित नंबर किती होता आणि आला किती, हे त्या दोन कागदांवर पाच मिनिटांत कळतं. नाहीतर सगळं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून.